चुळीचं पाणी

बिबीजान आपांच्या घरी दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारची नमाज झाली की, बायका जमायच्या. सोलापूरच्या शास्त्रीनगरातली ती बोळवजा गल्ली, एका अंगाला बंद पडलेला टॉवेलचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला एकाला एक चिकटलेली बिऱ्हाडं. आपांची खोली पुढची. चटया अंथरल्या की दाटीवाटीनं वीसेक बायका मावत. लग्न ठरलेल्या पोरी, नव्या सुना, आणि सुनांवर नजर ठेवायला आलेल्या दोन-तीन सासवा.

आपा वाचायच्या त्या किताबा त्यांच्या अब्बांच्या, पुठ्ठे निघालेल्या. त्यात माणसानं माणसाशी कसं वागावं हेच मुख्य. शेकडो वर्षांपूर्वीच्या बुजुर्गांनी बसून विचार केला होता, की माणूस चांगला होतो तो उपदेशानं नाही, सवयीनं होतो. राग गिळायची सवय लावली की राग गिळता येतो. जीभ आवरायची सवय लावली की जीभ आवरते. मूल लहान असतानाच ही सवय लावावी, कारण ओल्या मातीला वळण देता येतं, भाजलेल्या मडक्याला नाही. आपांना हे मनापासून पटलेलं होतं, आणि त्यातही जिभेचा धडा त्यांचा जिव्हाळ्याचा.

त्यांची एक रीत होती. खोलीच्या कोपऱ्यात तोटीचा तांब्या आणि एक पसरट भांडं ठेवलेलं असायचं. बोलता बोलता कुणी घसरली, जावेचं, नणंदेचं, शेजारणीचं काही तिच्या पाठीमागं बोलून गेली, की आपा वाचन थांबवायच्या आणि हनुवटीनं कोपरा दाखवायच्या. रागावणं नाही, ओरडणं नाही. त्या बाईनं उठायचं, चूळ भरायची आणि परत येऊन बसायचं. गीबत, पाठीमागची निंदा, म्हणजे मेल्या भावाचं मांस खाणं. खाल्लं आहे तर तोंड धुवावं, एवढा साधा हिशेब. नव्या पोरी आधी खिदळायच्या. मग त्याच पोरी न सांगता उठून जायच्या.

आणि आपा परीक्षाही घ्यायच्या. नफ्स, माणसाच्या आतला हावरा जीव, लबाड असतो, त्याला बेसावध गाठावं लागतं, असं त्या म्हणत. चहा ओतता ओतता सहज विचारायच्या, "का गं, तुझी सासू तुला अजून पाणी भरायला लावते का?" पोर विरघळून बोलायला लागली की हनुवटी कोपऱ्याकडं. बाकीच्या हसत. फसलेली पण हसे. पुढच्या वेळेला ती फसत नसे.

महेजबीन कधी फसली नाही.

ती नऊ वर्षांची असताना तिची आई वारली. बाप माढ्याकडच्या साखर कारखान्यावर ट्रक चालवायचा, आठवडा आठवडा घरी नसायचा. पोर शाळेतून थेट आपांकडं यायची, तिथंच जेवायची. आपांना मूलबाळ नव्हतं. आपांबरोबर ती सोमवार-जुम्मेरातीचे रोजे धरायला लागली, आपांसारखी पदराआडून हळू बोलायला लागली. चूळ भरताना तोंडाला खरंच वास येतो, म्हणायची. आपांचे यजमान हाशमभाई रिक्षा चालवत. ते चेष्टा करायचे, "बिबी, ही तुझी झेरॉक्स निघाली, आणि मूळ कागदापेक्षा स्वच्छ."

तिचं लग्न चार गल्ल्या पलीकडं झालं. शाकीर चिंचोळी एमआयडीसीत टेंपो चालवायचा. देखणा, अदबशीर मुलगा. आपा दिसल्या की हातातली सिगारेट टाकून आधी सलाम करायचा.

गेल्या रमजानच्या आधी महेजबीन एकदा आडदिवशी आली. कडेवर तिची लहानगी होती. तिला खाली सोडून ती आपांपुढं बसली. आपा तांदूळ निवडत होत्या. तिनंही दोन खडे वेचले आणि ती म्हणाली,

"आपा, शाकीर घरी आले की..."

आपांनी वर न पाहता हनुवटीनं कोपरा दाखवला.

महेजबीन थांबली. कोपऱ्याकडं बघत राहिली. मग उठली, चूळ भरली, ओढणीनं तोंड पुसलं आणि परत येऊन शेंगाचटणीत लसूण किती घालावा याबद्दल बोलत बसली. ती गेल्यावर आपांना फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अभिमानच वाटला. दुसरी एखादी असती तर रडून भेकून गावभर सांगत सुटली असती. ही एका इशाऱ्यावर फिरली.

पाच महिने गेले. एके दिवशी सकाळी हाशमभाई रिक्षा दारात लावून आत आले आणि म्हणाले, "चप्पल घाल. महेजबीनला दवाखान्यात नेलंय. तुझं नाव घेती सारखी."

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात महेजबीनची सासू भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर नात झोपलेली. शाकीर खिडकीजवळ उभा. डोळे लाल. त्यानं पुढं होऊन सलाम केला.

"जिन्यावरनं पडली आपा. दुवा करा."

वॉर्डच्या दाराशी पोलिसातली एक मुलगी उभी होती, तिशीची असेल. छातीवरच्या पट्टीवर प्रियदर्शनी हे नाव. तिनं आपांना बाजूला घेतलं.

"आपा म्हणत्यात त्या तुम्हीच का? बरं झालं आलात मावशी. पोटात रक्त झालंय, ऑपरेशनला न्यायलेत आता. जिना ओला होता, घसरले, एवढंच सांगती. पण डॉक्टर म्हणत्यात, जिन्यावरनं पडल्यावर कोपरं-गुडघे तरी सोलतात. हिला ओरखडा न्हाय. जे लागलंय ते सगळं पोटातच." तिनं व्हरांड्याकडं एक नजर टाकली. "मी दोनदा विचारलं. तुमचं ऐकेल ती. खरं काय ते बोलायला सांगा. ती बोलली न्हाय तर मला काय करता यायचं न्हाय, आणि बरी होऊन परत त्याच घरात जाईल."

"आणि बरी नाही झाली तर?"

"म्हणून तर आत्ता विचारा म्हणते."

आत महेजबीन हिरव्या चादरीखाली पडली होती. चेहरा पिठासारखा. आपांना पाहून तिनं डोक्यावर ओढणी घ्यायला हात उचलला, पण हाताला सुई होती. आपांनीच ओढणी सारखी केली.

"सलामालेकुम आपा."

"वालेकुम सलाम. बेटा, जिना कशानं ओला होता?"

"पाण्यानं. नळ आला होता."

"नळ उद्या यायचाय. माझी भांडी कालपासून पालथी पडलीत. तुझा माझा पाण्याचा दिवस एकच."

महेजबीननं डोळे मिटले. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांआड येतो; बाईला सगळं विसरता येतं, पाण्याचा दिवस विसरता येत नाही. ती चुकली होती आणि ते तिला कळलं होतं. मग ती हळूच म्हणाली, "नवराबायकोत सलोखा राहावा म्हणून बोललेलं खोटं लिहिलं जात नाही. तुम्हीच वाचलं होतं."

"वाचलं होतं. खरं आहे ते. पण त्याच्या पुढंही लिहिलंय." आपा तिच्या कानाशी वाकल्या. "जिच्यावर जुलूम झाला, तिनं दाद मागताना नाव घेतलं तर ती गीबत होत नाही. काजीपुढं नाव घेऊन सांगावं, असं साफ लिहिलंय बुजुर्गांनी. ही पोरगी बाहेर उभी आहे ना, तिला काजी समज. तिला सांग."

"हे कधी वाचलं आपा?"

ते पान त्यांनी स्वतः अनेकदा वाचलं होतं, पण चटईवरच्या बायकांपुढं कधी वाचलं नव्हतं. बुजुर्गांनी गीबतीची मनाई लिहिली, आणि तिच्याच शेजारी बोलायची मुभा कुणाला, तेही लिहिलं. पहिलीच मुभा सोसणाऱ्याला. आपा मनाई वाचायच्या आणि मुभेचं पान उलटायच्या. एकदा दार किलकिलं केलं की प्रत्येक बाई आपली कुचाळकी जुलमाच्या खाती घालील, असं त्यांना वाटायचं. शिस्त बिघडायला नको. इतकंच कारण.

"वाचायचं राहून गेलं," त्या म्हणाल्या.

महेजबीन त्यांच्याकडं पाहत राहिली. मग तिचे कोरडे ओठ थोडे हलले. हसत होती ती.

"आपा, आत्ता पण परीक्षा घेता?"

"नाही बेटा. परीक्षा नाही ही. अल्लाची शपथ."

"तुम्ही शपथ घेत नाही कधी."

"आज घेतली."

"शपथ घेऊन बोललात म्हणजे परीक्षाच," महेजबीन म्हणाली. तिच्या आवाजात लाडाची सूक्ष्म छटा होती, चहाच्या वेळी असायची तशी. "मी नाही फसायची."

आपांनी तिचा हात धरला. थंड होता. ज्या ज्या शब्दानं ही पोर वळली असती, तो प्रत्येक शब्द त्यांनीच आधी संशयाचा करून ठेवला होता.

"तुझी लेक," त्या म्हणाल्या, "बाहेर सासूच्या मांडीवर झोपलीय. ती त्याच घरात वाढेल. तुला काही झालं तरी वाढेल, नाही झालं तरी वाढेल. तिच्यासाठी सांग."

हे मात्र लागलं. महेजबीनचा चेहरा विस्कटला. तिनं दाराकडं पाहिलं. प्रियदर्शनी दोन पावलं आत आली.

"शाकीर..." महेजबीन म्हणाली. "काल शाकीरनी..."

आणि थांबली. जीभ तोंडात फिरवली, काहीतरी कडू लागल्यासारखी. मान वळवून नर्सला म्हणाली, "सिस्टर, पाणी द्या. प्यायला नको. चूळ भरायची आहे."

"ऑपरेशन आहे ना बाई. पाण्याचा थेंब न्हाय तोंडात जायचा आता."

"चूळ भरू द्या फक्त. तोंड खराब झालं."

आपा म्हणाल्या, "नाही झालं बेटा. तोंड खराब नाही झालं. बोल पुढं." त्यांचा आवाज चढला होता. तो आवाज महेजबीननं कधी ऐकला नव्हता. ती बावरली आणि आणखीच मिटली. तेवढ्यात ट्रॉली आली. प्रियदर्शनी ट्रॉलीबरोबर चालत होती.

"ताई, शेवटचं विचारते. कुणी मारलं का?"

"जिना ओला होता," महेजबीन म्हणाली. हे बोलताना तिनं प्रियदर्शनीकडं पाहिलंच नाही. ती आपांकडं पाहत होती. सबक पाठ म्हणून झाला की पोरी शाबासकीसाठी पाहतात ना, तसं. आपांनी मान हलवली, नाही नाही म्हणून. पण ट्रॉली वळली होती.

दुपार कलताना, असरच्या अजानीच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. रक्त फार गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयत उठलं. गल्लीत नळ आला होता. बायका एका हातानं डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हातानं पाइप या पिंपातून त्या पिंपात घालत होत्या. पाणी काही कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. आपांनी आपली भांडी सुलटी केली नाहीत. शाकीरनं जनाज्याला खांदा दिला. महेजबीनचा बाप ट्रक घेऊन आला, तसाच कबरस्तानात गेला आणि माती देऊन पुन्हा माढ्याला गेला. नातीला न्यायचं कुठं, त्याला घर म्हणजे ट्रकची केबिन. लहानगी आजीकडंच राहिली.

जुम्मेरात आली. आपांना वाटलं होतं, बायका येणार नाहीत. नेहमीपेक्षा जास्त आल्या. चटया पुरेनात. शाकीरच्या भिंतीला भिंत लागून राहणारी जैतूनबी अगदी पुढं बसली होती.

आपांनी ते पान उघडलं. या वेळी उलटलं नाही. सावकाश, एक एक ओळ समजावून वाचलं. सोसणाऱ्यानं दाद मागावी. कुणाला वाईटापासून रोखायचं असेल तर रोखू शकणाऱ्याला जाऊन सांगावं. अशा वेळी गप्प बसणं चांगुलपण नव्हे. बायका माना डोलावत होत्या. सुब्हानल्लाह, सुब्हानल्लाह. एक म्हातारी म्हणाली, "किती बारीक विचार केलाय बघा पहिल्या लोकांनी." आपांना कळलं की यांना हा नेहमीसारखाच एक सुंदर धडा वाटतोय. त्यांनी किताब मिटली.

"जैतून," त्या म्हणाल्या, "तुझ्या भिंतीतून काय ऐकू यायचं?"

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"आपा, गेलेल्यांचं चांगलंच बोलावं," जैतूनबी म्हणाली.

"गेलेलीचं विचारत नाही. आहे त्याचं विचारते."

"आहे त्याचं त्याच्या पाठीमागं बोलायचं म्हंजे..." जैतूनबीनं वाक्य पुरं केलं नाही. कोपऱ्याकडं पाहिलं. तिच्याबरोबर सगळ्यांनी पाहिलं. मागची एक पोरगी फसकन हसली आणि तोंडावर हात ठेवून बसली. ती परीक्षाच समजली होती.

"मी परीक्षा घेत नाही. किती जणींना सांगू?" आपा म्हणाल्या. "भिंत एका विटेची आहे जैतून. तुला ऐकू आलं नाही असं म्हणू नको."

"यायचं की." जैतूनबी ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागली. "आवाज सुरू झाला की मी जपाला तस्बी घ्यायची. मोठ्यानं म्हणायची, म्हंजे कानावर नको यायला. गीबत ऐकणारा पण वाटेकरी, तुमीच सांगितलंय. पोरींना पण मी म्हणायला लावायची."

"गीबत नव्हती ती. ती ओरडत होती."

"हौ," जैतूनबी म्हणाली. "ओरडायची. मग ओरडायची पण बंद झाली. मला वाटलं, सुधारलं असंल."

"पोलिसात येशील?"

"न्हाय आपा." आता तिनं वर पाहिलं. डोळ्यात पाणी होतं, पण मान ठाम. "माज्या दोन पोरींचं व्हायचंय. तुमाला कुणी काय म्हणायचं न्हाय, तुमी आपा हाय. मला त्या भिंतीशेजारी ऱ्हायचंय."

एकेक करून बायका उठल्या. अदबीनं. प्रत्येकीनं सलाम केला. उंबऱ्यात चपला घालताना कुणी कुजबुजलंसुद्धा नाही. इतक्या शिकलेल्या बायका होत्या त्या.

हाशमभाई आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले.

"आता?"

"मला ठाण्यात सोडा."

"सोडतो. जाऊन सांगशील काय पण? तू काय पाहिलंस, काय ऐकलंस?"

आपांनी बुरखा घेतला आणि रिक्षात जाऊन बसल्या.

ठाण्यात प्रियदर्शनी टेबलाशी होती. तिनं खुर्ची पुढं केली, एका पोराला चहा आणायला पाठवलं. महेजबीनच्या शवविच्छेदनात काय आलं ते आपांनी विचारलं.

"मारूनही असं होऊ शकतं, पडूनही होऊ शकतं, असं आलंय. आणि तिचा जबाब पडण्याचा. साहेब म्हणत्यात, अपघातच धरा." तिनं कागद पुढं ओढला. "तुम्ही काय सांगायला आलाय मावशी?"

"पाणी आलं नव्हतं त्या दिवशी. जिना ओला नव्हता."

"ते लिहिते. पण जिना धुतला म्हणतील, बादली सांडली म्हणतील. दुसरं काही?"

आजवर आपांनी माणसाच्या पाठीमागं त्याचं नाव घेऊन बोट दाखवलं नव्हतं. सासूचं नाही, शेजारणीचं नाही. साठीला आलेल्या बाईनं जपलेली हीच एक मिळकत होती.

"शाकीर तिला मारायचा," त्या म्हणाल्या. "शेजारच्या जैतूनबीनं ऐकलंय. बऱ्याचदा ऐकलंय. तिला बोलवून विचारा."

"ती बोलेल?"

"नाही बोलणार. घाबरलीय. तरी विचारा. आणि तिचं नाव मी सांगितलं हेही तिला सांगा. लपवू नका."

"तुमच्याकडं कुणी यायचं न्हाय मावशी मग."

"नाही येणार."

प्रियदर्शनीनं लिहून घेतलं. "तुम्हाला स्वतःला तिनं कधी सांगितलं होतं का? एखादा शब्द? त्याला वजन येतं. विचार करून सांगा."

बाहेर हाशमभाईंनी रिक्षा सावलीला घेतली होती, त्याचा आवाज आला आणि थांबला. आपांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. खोटं बोलता आलं असतं. तिनं सांगितलं होतं, सगळं सांगितलं होतं, एवढं म्हटलं की पुरलं असतं, आणि खरंही तेच होतं, फक्त तिच्या तोंडून आलेलं नव्हतं.

"सांगायला आली होती," त्या म्हणाल्या. "'शाकीर घरी आले की', एवढं बोलली. मी थांबवलं तिला. पुढं सांगू दिलं नाही."

"का?"

"वाईट सवय लागेल म्हणून."

प्रियदर्शनी पेन हातात धरून बसली. पोरानं चहा आणून ठेवला.

"हे कसं लिहू मावशी? ह्यानं शाकीरवर काय येत न्हाय. झालंच तर तुमच्यावर येतं. आणि तुमच्यासाठी कलम पण न्हाय माझ्याकडं."

"नसू दे."

"चहा घ्या आधी. निवतोय."

"रोजा आहे माझा," आपा म्हणाल्या. "तुम्ही लिहा."